वाळूतलं बावखल

आज सकाळी उठल्या उठल्या एसी बंद केला आणि हॉलची खिडकी उघडली. मे महिन्यापासून ती बंद होती. खाचेत बारीक वाळू साचलेली, ती ओल्या फडक्याने टिपून घेतली. काच जरा अडखळत सरकली आणि बाहेरची हवा आत आली. थंड म्हणता येणार नाही, पण इतके महिने दार उघडलं की तोंडावर जी वाफ यायची ती नव्हती. हवेबरोबर आवाज आले. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा फवारा पत्र्यावर आपटत होता. पार्कमध्ये पोरं ओरडत होती. आखातातल्या या शहरात, अल बर्शातल्या आमच्या घरात, अर्धं वर्ष एसीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. त्यामुळे या पहिल्या दिवशी शहर नुकतंच बोलायला लागलंय असं वाटतं.

आमच्याकडे ऋतू असा खिडकीतून येतो. ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत मी हिंदी शिकवते. सातवीला दर वर्षी निबंध देते, ‘मेरी प्रिय ऋतु’. मुलं गाईडमधला वसंत उतरवून आणतात. मोहरीचं शेत ज्यांनी जन्मात पाहिलं नाही ती सरसों के पीले खेत लिहितात. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलाने मात्र लिहिलं होतं, ‘जिस दिन मम्मी खिड़की खोलता है, वह मेरी ऋतु है.’ मम्मी ‘खोलता है’. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मुलं हसली आणि तोही हसला. तो नील. माझ्या शेजारच्या लुसीचा मुलगा.

नील आता नाही. त्याला जाऊन काही हिवाळे झाले. आठवण उन्हाळ्यातही येते, ती काही महिना बघून येत नाही. पण खिडकी उघडायचे दिवस आले की ती घरात शिरते आणि बसून राहते. तो एक हिवाळा मग पुन्हा सगळा डोळ्यांपुढून जातो, त्याच्या धुक्यासकट, वाळूसकट.

लुसी वसईची. लिफ्टच्या पलीकडचं दार तिचं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी दार वाजवून तिने सुकेळी आणून दिली होती, केळीच्या वाळल्या पानात बांधलेली. “आमच्या वाडीतली. आता तुम्ही मराठी शेजारीण, तुम्हाला नाही तर कुणाला देऊ?” एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर होती ती. शिफ्टची ड्यूटी, पायांना कायम सूज, आणि तरी घरातली चादर अशी ताणलेली की नाणं टाकलं तर उडावं. नवरा डॉमनिक आधी इथेच होता. त्याचे वडील थकले, वाडी बघायला कुणी उरलं नाही, तसा तो परत गेला. मायलेक इथे राहिले. लुसीची शिफ्ट असली की नील आमच्याकडे जेवायचा. मी मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि आमचं छान चालायचं.

आमच्या पिढीला वाळवंट दिसलं नाही. म्हणजे सगळीकडे होतं, पण गाडीच्या काचेबाहेर. गावाहून पाहुणे आले की त्यांना सफारीला न्यायचं. जीप टेकड्यांवरून उड्या मारणार, मागे बसलेल्या आत्याबाई देवाचा धावा करणार, मग तंबूत कोळशावरचं जेवण, नाच, उंटावर बसून फोटो. घरी येऊन बाल्कनीत बूट झटकायचे. खलास. दोन शहरांच्या मधे जी जागा उरते ती वाळवंट, असाच आमचा समज. नोकरी करायला आलो होतो. ती संपली की जायचं होतं. रिकाम्या जागेकडे बघत बसायला कुणाला फुरसत होती?

नीलच्या वयाच्या मुलांचं तसं नव्हतं. ती जन्मली इथे, पासपोर्ट भारताचा, आणि ‘तू कुठला?’ म्हटलं की क्षणभर थांबणारी. शहरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या देखत उभी राहिली होती नाही तर पाडली गेली होती. नील ज्या घरात रांगला ती बिल्डिंग गेली, जिथे सायकल शिकला तिथे मेट्रोचे खांब आले. वाळवंटच काय ते त्यांच्याहून जुनं. म्हणून असेल, ही मुलं हिवाळ्यात चटया आणि थर्मास घेऊन तिकडे जायला लागली. त्याच सुमारास इथे चित्रांचं, शिल्पांचं एक नवंच जग उगवत होतं. पूर्वी जिथे टायर आणि फरशा विकायचे त्या गोदामांत गॅलऱ्या उघडल्या. हिवाळ्यात टेकड्यांच्या मधे कुणी आरशांचे खांब उभे करू लागलं, कुणी लोखंडी कमानी, कुणी नुसत्या दोऱ्या ताणून वाऱ्याला गायला लावू लागलं. लोक दूरदूरहून गाड्या घेऊन बघायला जायचे. नीलने शारजाहला आर्किटेक्चर केलं, एका ऑफिसात चिकटला, आणि सुट्टीचा प्रत्येक दिवस वाळूत घालवू लागला.

“तिकडे आहे काय रे?” लुसी विचारायची. “ना झाड ना पाणी. एम्प्टी.”

“इट्स नॉट एम्प्टी, मम्मा. यू जस्ट हॅव टू सिट.”

“बसायला वेळ कुणाला आहे? मी बसले तर तुझं कॉलेज झालं असतं?”

एकदा तो मला घेऊन गेला होता. ऊन उतरताना आम्ही पोचलो. विटकरी रंगाच्या टेकड्या, मधे एक गाफचं झाड, बाकी काही नाही. चपला काढून बसलो. वाळू वरून गार व्हायला लागली होती, पण बोटं आत खुपसली की खाली दिवसभराची ऊब तशीच. एका किड्याच्या पावलांची नक्षी टेकडीच्या धारेवरून पलीकडे गेली होती, कुणी सुईने टाके घालावेत तशी. नील म्हणाला, “आंटी, लिसन.” मी कान दिला. “काय ऐकू?” म्हटलं. तो हसला. “दॅट्स इट. नथिंग.” मग मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. मी घाबरले नाही, उलट किती तरी वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे काही मागत नाहीये असं वाटलं. वाळवंटाची ओढ म्हणतात ती तेव्हा मला पहिल्यांदा कळली, आणि पुढे मी नीलच्या बाजूने लुसीशी भांडू लागले.

बावखलाची कल्पना त्याने आमच्याच जेवणाच्या टेबलावर मांडली. वसईच्या वाड्यांमधून ही तळी असायची. केळीच्या, पानवेलीच्या बागांना पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेली, काठावर झाडं, उतरायला मातीच्या पायऱ्या. त्यांच्या वाडीत एक होतं. मे महिन्याच्या सुट्टीत नील त्यातच पोहायला शिकला, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या. बावखल डॉमनिकच्या ज्या भावाच्या वाटणीत आलं त्याने ते भराव टाकून बुजवलं आणि बिल्डरला दिलं. पुढच्या सुट्टीत नील गेला तर तिथे गाड्या लावलेल्या. त्यावर तो घरी काही बोलला नव्हता. आणि आता बिर्याणीच्या ट्रेमध्ये वाळू भरून, मधे वाटीने गोल खळगा करून तो आम्हाला दाखवत होता.

“हे मी डेझर्टमध्ये करणार. पीपल विल वॉक डाउन अँड सिट.”

“पाणी?” लुसीने विचारलं.

“नो वॉटर.”

“मग त्याला बावखल कसं म्हणायचं? खड्डा म्हण.”

“ओके, मम्मा. खड्डा.”

दोघं हसली. हसताना दोघांचे खांदे सारखेच हलायचे.

त्याचं काम निवडलं गेलं. त्या हिवाळ्यात वाळवंटात जे प्रदर्शन भरणार होतं त्यात तो सगळ्यात लहान. लुसीने हॉटेलात पेढे वाटले आणि माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, “मेघा, खरं सांग, यात पुढे काही आहे का?” मी म्हटलं, आहे. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

ऑक्टोबर उतरणीला लागला होता. खिडक्या अजून उघडल्या नव्हत्या. नील रोज ऑफिसनंतर साइटवर जायचा. खड्डा खणून झाला होता, काठ बांधणं चालू होतं. एका संध्याकाळी परत येताना, धड उजेड नाही धड अंधार नाही अशा वेळी, रस्त्यावर उंट आला. वाळवंटातल्या त्या सरळसोट रस्त्यावर गाडीला थांबायला जागा मिळाली नाही. लुसीला फोन आला तेव्हा ती ड्यूटीवर होती. युनिफॉर्ममध्येच आली. मी आणि माझा नवरा तिला घेऊन हॉस्पिटलला गेलो. तिथल्या कॉरिडॉरमध्ये ती मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, “त्याने जेवण केलं होतं का गं? डबा गाडीत होता का?”

पार्थिव वसईला नेलं. लुसी त्याच विमानाने गेली. चर्चच्या आवारात आजोबांच्या शेजारी त्याला पुरलं, असं डॉमनिकने फोनवर सांगितलं. त्याचा आवाज फार शांत होता. मी इकडे त्यांच्या घराची किल्ली सांभाळत होते. झाडांना पाणी घालायला गेले तर सोफ्याखाली त्याच्या बुटांतून सांडलेली विटकरी वाळू होती. झाडू हातात घेतला आणि तसाच परत ठेवला.

लुसी परत येणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. ती काही आठवड्यांनी आली. नोकरी होती, व्हिसा होता, म्हणाली. खिडक्या उघडायचे दिवस आले होते. पार्कमध्ये बार्बेक्यूचा धूर, संध्याकाळी मुलांचा गलका. लुसीने तिची खिडकी उघडली नाही. थंडी पडली तरी तिचा एसी चालूच होता.

मग एक दिवस मरियम आली. मरियम इथलीच, अमिराती. नीलबरोबर शिकलेली आणि प्रदर्शनात काम करणारी. काळा अबाया, त्याच्या बाहीला वाळलेला चिखल. तिला टीव्ही बघून शिकलेलं हिंदी येत होतं. लुसीने तिला बसवलं, चहा दिला. मरियमने कप हातातच धरून ठेवला.

“आंटी, नील का काम आधा है. हम सब दोस्त पूरा करना चाहते हैं. लेकिन आप बोलेंगी तो ही.”

लुसी म्हणाली, “नहीं.”

“आंटी…”

“नहीं बेटा. मेरा बच्चा उस रेत में गया. अब उधर लोग आएंगे, फोटो निकालेंगे, कॉफी पिएंगे. मेरे को नहीं चाहिए. खलास.”

मरियमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही. उठताना म्हणाली, “मेरी दादी उधर ही पैदा हुई थी, आंटी. उनके टाइम में कुआँ भर जाता था रेत से. सब मिलके निकालते थे. मैंने नील को बताया था. वो बहुत खुश हुआ था.” दारात थांबून तिने लुसीचा हात आपल्या कपाळाला लावला आणि गेली.

दोन-तीन दिवस लुसी माझ्याशीही धड बोलली नाही. मग एका सकाळी माझी सुट्टी होती, ती दारात उभी. पर्स खांद्याला, डोक्याला ओढणी. “मला तिकडे ने,” म्हणाली.

त्या सकाळी धुकं होतं. इथल्या हिवाळ्यात सकाळचं असं धुकं पडतं की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसतात. मी हळू चालवत होते. रस्ता तोच होता. लुसी समोर बघत होती, हातात जपमाळ. कुठे झालं असेल, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. कुंपणाच्या पलीकडे उंट उभे होते, अर्धे धुक्यात. तिने त्यांच्याकडे पाहिलं. “त्यांना काय कळतंय,” एवढंच म्हणाली.

पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं. खड्डा होता, पण वाऱ्याने अर्धा भरत आणलेला. एका बाजूचा काठ पुरा झाला होता. माती, चुना आणि खजुराच्या झावळ्यांचा चुरा कुटून केलेला, गुळगुळीत, बसता येईल असा. दुसऱ्या बाजूला नुसती वाळू घसरत होती. लुसी वर उभी राहिली. मग एका हाताने ड्रेस आवरून खाली उतरली. बांधलेल्या काठावर हात फिरवला, जसा हॉटेलच्या खोलीत धूळ राहिली का बघायला ती फिरवायची. एका जागी थांबली. मातीत बोटांचे ठसे होते. काठ ओला असताना कुणीतरी दाबून बसवताना उठलेले. कुणाचे, कसं सांगणार? काम करणारे बरेच होते. पण लुसीने आपली बोटं त्या ठशांत ठेवली आणि ती बराच वेळ तशीच बसली. मी वरून बघत होते आणि मला खाली जायची हिंमत होईना.

वर आली तेव्हा तिचा चेहरा रडल्यासारखा नव्हता, थकलेला होता. “अर्धं कसं ठेवायचं?” म्हणाली. “तो अर्धं काही ठेवायचा नाही. ताटातलंसुद्धा. मरियमला सांग, पुरं करा.”

प्रदर्शन उघडलं. त्या वर्षीची गर्दी विचारू नये. टेकड्यांच्या मागे गाड्यांची रांग, कॉफीची व्हॅन, पोरंटोरं, कॅमेरे, झुळझुळीत कपड्यातल्या बायका उंच टाचांनी वाळूत रुतत चाललेल्या. लांबवर एका कलावंताने काचेची भिंत उभी केली होती, तिच्यात सूर्य मावळताना दिसायचा, तिथे सगळे धावायचे. नीलच्या बावखलाशी येऊन लोक जरा थबकायचे. पाटीवर त्याचं नाव होतं आणि नावापुढे दोन सालं. काही उतरायचे. काही म्हणायचे, “बस? गड्ढा है.” एक माणूस बायकोला म्हणाला, “हे तर आपल्याकडे कुणीही खणेल.” मराठी होता. लुसी शेजारीच बसली होती. तिने मान वर केली नाही. “बरोबरच आहे त्याचं,” मला म्हणाली. “मीही हेच म्हटलं होतं.”

पण जे उतरायचे त्यांचं काहीतरी व्हायचं. खाली वारा लागत नसे. वरचा गलका एकदम बंद व्हायचा. गोल आभाळ तेवढं दिसायचं. मोठ्याने बोलणारी माणसं आपोआप हळू बोलायची, मग गप्प व्हायची. एक म्हातारे अमिराती गृहस्थ काठी टेकत उतरले आणि कितीतरी वेळ बसून राहिले. वर येताना त्यांनी लुसीकडे पाहून छातीवर हात ठेवला. ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं, ती सांगायची नाही. सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन यायची, लवकर, लोक यायच्या आधी, आणि वाऱ्याने आत आलेली वाळू झाडून काढायची. मरियम आणि बाकीची पोरं पाट्या भरून वर न्यायची. यल्ला आंटी, यल्ला, चला चला, म्हणायची. त्या वेळात लुसी जराशी जिवंत दिसायची. घरी आलो की पुन्हा दार लावून घ्यायची.

डॉमनिकचे फोन यायचे. एकदा परतीच्या वाटेवर गाडीतच आला, स्पीकरवर. “लुसी, लोक विचारतात. थडगं इथे आहे, चर्चमधली महिन्याची मिसा इथे आहे, आणि आई तिकडे वाळूत बसलीय. ये आता.”

“येईन.”

“कधी? तो इथे आहे ना, लुसी. आपल्या मातीत आहे.”

लुसीने बाहेर पाहिलं. मग म्हणाली, “डॉमनिक, तिथे तो सुट्टीला यायचा रे. राहायचा इथे.”

डॉमनिक म्हणाला, “मग मी कुठे जाऊ त्याला भेटायला?” आणि रडायला लागला. शांत आवाजाचा तो माणूस एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा रडला असावा. लुसी फोन हातात धरून ऐकत राहिली. मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना वाळू होती, आणि त्या वाळूच्या मधोमध आम्ही तिघं, एक फोनमधला, एकमेकांना काही देऊ शकत नव्हतो.

आता मागे वळून पाहताना त्या हिवाळ्यातलं सुंदर असं किती तरी आठवतं. सकाळचं दव पडलेली वाळू, तिच्यावरची पाखरांची पावलं. गाफच्या शेंगा. टेकड्यांची रोज थोडी सरकणारी धार. मरियमने थर्मासमधून ओतलेला वेलचीचा कहवा. हे सगळं मला आवडत होतं आणि आवडतंय याची लाज वाटत होती. शेजारी एक आई बसलेली, आणि आपल्याला आभाळाचा रंग दिसतोय. वाळवंटाला दयामाया नाही म्हणतात. मला तसं वाटत नाही. दया नाही तसा रागही नाही. ते तिथे असतं, त्याला आपली दखल नसते, आणि माणसाला दुःखात याहून अवघड काही नाही. कुणीतरी जबाबदार हवं असतं. लुसीने त्या उंटांवर, त्या रस्त्यावर, नीलच्या हट्टावर, माझ्यावरसुद्धा रागावून पाहिलं. राग कशालाच चिकटेना.

फेब्रुवारीत शमाल सुटला. दिवसचे दिवस तो उत्तरेचा वारा वाहायचा, शहरात आभाळ पिवळं व्हायचं. बावखलात रोज वाळू भरायची. मार्च लागला आणि दुपारी चटका बसू लागला. प्रदर्शन संपत आलं. ती जागा होती तशी परत करायची, असा नियम. सगळी कामं उचलायची, खड्डे भरायचे. मरियम पुन्हा घरी आली. काही कामं कायमची ठेवण्याचा आयोजकांचा विचार होता. “आंटी, मैं बात करती हूँ. इन्शाल्ला रख लेंगे.”

लुसी स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, परत आली.

“बेटा, तुम शादी करके जाएगी किधर तो. ये आंटी भी जाएगी कभी. मेरा नौकरी का टाइम भी खतम होने को आया. फिर रेत कौन निकालेगा?”

मरियम अबायाची बाही चिमटीत घेऊन बसली.

मग लुसी माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागली, जणू मरियमला तेवढं कळायला नको म्हणून. “आमच्या वाडीतलं एका दिवसात नाही बुजवलं मेघा. आधी, सासरे असतानाच, दोन वर्षं लोक त्यात कचरा टाकत होते. पाणी काळं झालं, मासे मेले, वास यायचा. सासरे रोज काठावर जाऊन उभे राहायचे. तसं नाही बघवणार मला. भरायचं तर नीट भरा. माझ्यादेखत.”

शेवटच्या दिवशी आम्ही गेलो. पाहुणे नव्हते. कॉफीची व्हॅन गेली होती, काचेची भिंत उतरवून खोक्यांत भरत होते. भरण्यासाठी मोठं यंत्र आणलं होतं. चालवणारा पठाण माणूस होता, त्याने लुसीला पाहून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बाजूला उभा राहिला. मरियमने त्याला सांगितलं असावं. लुसी खाली उतरली. बसली. आम्ही कुणी काठाशी गेलो नाही. किती वेळ गेला ते माहीत नाही. ऊन मात्र टेकडीवरून खाली सरकलं. मग ती वर आली, हात झटकले आणि त्या माणसाला म्हणाली, “हो गया भैया. भरो.”

मला वाटलं होतं वेळ लागेल. इतक्या जणांनी इतके महिने खपून केलेलं. पण वाळू ती, पाण्यासारखी गेली. काठ आधी तडकला, मग आत कोसळला, आणि दहा-बारा फेऱ्यांत खड्डा नव्हताच. यंत्राने वरून फळी फिरवली. वारा होताच. फळीच्या खुणांवर त्याने बघता बघता लाटा उठवल्या, बाकीच्या टेकड्यांवर असतात तशाच. मरियम तोंड फिरवून उभी होती. यंत्र निघून गेलं, त्याचा आवाजही गेला.

आम्ही निघायला वळलो. गाडीपर्यंत आलो तशी लुसी थांबली आणि परत फिरली. मी मागोमाग गेले. ती मोकळ्या वाळूत इकडे तिकडे बघत होती.

“कुठे होतं गं?” तिने विचारलं.

“इथेच,” मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, मला माहीत नाही. जवळच्या गाफच्या झाडावरून अंदाज धरला, पण झाड कुठल्या हाताला असायचं ते आठवेना. “थोडं तिकडे असेल.”

“नाही, तिकडे नव्हतं. त्यात झाडाची सावली नाही पडायची.”

“मग इकडे.”

मरियमही आली. तिने एक जागा दाखवली, मग ओशाळून दुसरी. आम्ही तिघी तिथे फिरत राहिलो, कुणालाच खात्री नाही. लुसीने चपला काढल्या. अनवाणी चालू लागली, हळूहळू, पाय जपून टाकत, पाण्याची खोली बघत माणूस उतरतो तशी. एका जागी तिचा पाय घोट्यापर्यंत खचला. ती थांबली. दुसरा पाय टाकला, तोही खचला.

“इथे मऊ आहे,” ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.